नव्या शेततळ्यात मासे किती सोडावेत?

अजिंठ्याच्या डोंगराळ भागात शेततळे हे मुख्यतः पिकास संरक्षित पाणी देण्यासाठी असते. त्यात मासे वाढविल्यास जोडउत्पन्न मिळते. परंतु तळे भरताच पुष्कळ बोटुकली सोडण्याचा मोह शेतकरी बंधूंनी टाळावा.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. त्याचे रूपांतर कमी अपायकारक क्षारांत करणारे सूक्ष्मजंतू नव्या तळ्यात, विशेषतः प्लॅस्टिकचे अस्तर असल्यास, पुरेसे वाढलेले नसतात. शिवाय रात्री शेवाळही प्राणवायू वापरते; म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दाटी असल्यास मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात आणि एका पहाटेत वर्षाचा खर्च वाया जाऊ शकतो. अशा वेळी खाद्य व शेणखत थांबवून ताजे पाणी सोडावे.

कटला वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या थरातील अन्न खातो. या तिन्हींच्या मिश्र संवर्धनात हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकली, म्हणजे दोन चौरस मीटरला एक, हे प्रमाण रूढ आहे. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद पाण्यास ४५० बोटुकली होतात. मात्र भाद्रपदात भरलेले तळे चैत्रात तसेच राहत नाही. मासे काढीपर्यंत २० मीटर लांब-रुंद पाणीच उरणार असेल, तर २०० पुरेत : कटला ८०, रोहू ६०, मृगळ ६०.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बीज मागविण्यापूर्वी हे मोजमाप शेतकऱ्यासमवेत करावे. थोडे मासे चांगले वाढणे, हाच खरा लाभ होय.