घोट्यांवरचे लाल ठिपके

बंद घर उघडून आत पाऊल टाकावं आणि दोन-चार तासांत घोटे खाजून लाल व्हावेत, हा पिसवांचा प्रताप असू शकतो. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबते. पावलांची थरथर, शरीराची ऊब आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की बाहेर येऊन उडी घेते.

चावा बहुधा गुडघ्याखाली दिसतो: दोन-तीन लाल फोड जवळजवळ, प्रत्येकाच्या मधोमध बारीक टिंब. खाज सुटते ती पिसवेच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीमुळे. म्हणूनच एकाच घरात एकाला गांधी उठतात, तर दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. साबणाने धुवावं, थंड पाण्याची घडी ठेवावी, कॅलामाइन लावावं. नखं लागून जखम चिघळली तर डॉक्टर गाठावा.

औषध फक्त कातडीला लावून मात्र भागत नाही. अंडी कुत्र्या-मांजराच्या अंगावरून गळून गाद्यांत, फटींत पडलेली असतात. अंथरूण गरम पाण्यात धुणं, कोपरे व्हॅक्यूमने साफ करणं आणि प्राण्यांवर पशुवैद्याकडून उपचार हे एकाच वेळी व्हायला हवं. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला लावणं जिवावर बेतू शकतं.

उंदरावरची पिसू अधिक धोक्याची. ती प्लेग पसरवते, हे संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण आढळले, त्याआधी गावकऱ्यांनी पिसवांचीच तक्रार केली होती. उंदीर मरत असतील आणि पिसवा वाढल्या असतील, तर आरोग्य केंद्राला लगेच कळवावं.