न्यूयॉर्कची खराटेवाली पोरं

तुमच्या गल्लीत आठ-आठ दिवस कचरागाडी फिरकलीच नाही तर? तुम्ही नाकाला रुमाल लावून शाळेत जाल, आई नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडेल, आणि बस्स! न्यूयॉर्कमधल्या ईस्ट हार्लेमच्या पोरांनी १९६९ च्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच केलं.

ईस्ट हार्लेममध्ये प्वेर्तो रिकोहून आलेली माणसं राहत. प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात. म्हणजे ही माणसं अमेरिकेचीच नागरिक. पण बोली स्पॅनिश, रंग सावळा नि खिसा रिकामा! गोऱ्या, पैसेवाल्या वस्त्यांत कचरा नेमानं उचलला जाई, इथं ढीग साचत.

इथल्या काही तरुण मुलामुलींनी 'यंग लॉर्ड्स' नावाच्या संघटनेची शाखा काढली. काळ्या लोकांच्या 'ब्लॅक पँथर'चा त्यांच्यावर प्रभाव होता. (आपल्या मुंबईत १९७२ साली निघालेल्या दलित पँथरनं नाव घेतलं ते याच ब्लॅक पँथरवरून, बरं का!) पोरांच्या डोक्यात होती क्रांती. पण त्यांनी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तर आलं, कचरा हटवा!

झालं! पोरं रस्ते झाडू लागली. सफाई खात्याकडे खराटे मागितले, तर नकार. मग त्यांनी लोकांना जमवून सगळा कचरा मोठ्या रस्त्याच्या मधोमध रचला आणि पेटवून दिला. वाहतूक ठप्प! आता, कचरा पेटवणं काही बरं नव्हे, हे आईबाबा सांगतीलच, आणि ते खरंच आहे. पण इतके दिवस बंद असलेले अधिकाऱ्यांचे कान उघडले ते त्यानंतर.

याहून मोठं काम त्यांनी केलं ते घरांच्या आत. जुन्या भिंतींच्या रंगात शिसं असे. त्या रंगाचे पोपडे सुटत आणि तान्ही मुलं ते तोंडात घालत. शिशाची चव गोडसर लागते ना! पण ते रक्तात मिसळलं, की मेंदूवर घाला घालतं. मूल शिकण्यात मागे पडतं, फार झालं तर दगावतंसुद्धा. न्यूयॉर्कमध्ये घरात असा रंग लावायला १९६० मध्येच बंदी झाली होती, पण आधीच रंगवलेल्या भिंती खरवडणार कोण? घरमालकांना त्याची फिकीर नव्हती. आणि तपासणीचे संच तर आरोग्य खात्याकडे पडून! पोरांनी खात्याच्या कचेरीत ठाण मांडलं, संच मिळवले आणि डॉक्टर, नर्स यांना बरोबर घेऊन दारोदार मुलं तपासली. १९७० मध्ये शहरानं शिशाच्या विषबाधेसाठी वेगळा विभागच उघडला.

(आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं छापावं लागतं. घरी रंगाचा डबा आला की वाचून बघा.)

मग पाळी आली क्षयाची. एक्स-रे काढणारी सरकारी गाडी लोकांच्या सोयीच्या वेळी येत नसे. जून १९७० मध्ये पोरांनी ती गाडीच ताब्यात घेतली! तिला प्वेर्तो रिकोचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यसेनानी बेतान्सेस यांचं नाव दिलं. शेवटी शहरानं ती रोज बारा तास, आठवड्याचे सातही दिवस चालवायचं कबूल केलं.

पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, सुमारे दीडशे जण ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलात पहाटे शिरले. इमारत मोडकळीला आलेली, लोक तिला कसाईखाना म्हणत. तिथले काही डॉक्टर आणि कामगार पोरांच्याच बाजूचे होते. मागण्या होत्या नवी इमारत, घरोघरी तपासणी, कामगारांना नीट पगार. बारा तासांनी बाहेर पोलीस उभे असताना पोरं निसटली. कशी माहीत आहे? कित्येकांनी डॉक्टरांचे पांढरे कोट चढवले आणि गर्दीत मिसळून गेली!

दोघं तेवढे पकडले गेले. लिंकनची नवी इमारत मात्र १९७६ साली उघडली.