रक्तातला विळा

मैत्रिणींनो, कोमट दुधात चमचाभर विरजण घालून पातेलं झाकून ठेवलं की सकाळी दही लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं! पण रात्रीतून त्या पातेल्यात घडतं काय? दुधातली प्रथिनं एकमेकांपासून सुटी फिरत असतात. आंबटपणा वाढला की ती एकमेकांना बिलगतात आणि पातळ दुधाचं घट्ट दही होतं. प्रथिनाची घडी कशी बसली आहे आणि ते कोणाला चिकटतं, यावर त्याचं सारं काम अवलंबून असतं.

असं चिकटणं रक्तात झालं तर? त्याच आजाराचं नाव सिकलसेल. सिकल म्हणजे विळा.

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरच्या पुढे डोंगराळ मुलखात हरसूल आहे. भात, नागली, वरई ही तिथली पिकं आणि महादेव कोळी, कोकणा, वारली ही तिथली माणसं. भातकापणीचा विळा तिथे घरोघरी. राज्यातल्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी होते, त्यात नाशिक जिल्हाही येतो. पण ‘हा तर तिकडचा आजार’ म्हणून पान उलटू नका बरं! त्या भागातली कितीतरी कुटुंबं कामासाठी शहरात येतात, आपल्या घरी धुण्याभांड्याला येणारी बाईही त्यांतली असू शकेल. आणि विदर्भात आदिवासींखेरीज इतर समाजांतही हा आजार आहे.

आता जरा रक्तात डोकावू या. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. फुफ्फुसातला प्राणवायू तेच अंगभर पोचवतं. त्याच्या चार साखळ्या. त्यांतल्या दोन साखळ्यांत प्रत्येकी १४६ मणी. मणी म्हणजे ॲमिनो आम्लं. सिकलसेलमध्ये या साखळीतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. मूळचा मणी पाण्यात रमणारा, त्याच्या जागी आलेला तेलकट. तेलाचा थेंब पाण्यात कसा दुसऱ्या थेंबाला जाऊन मिळतो, तसं हे हिमोग्लोबिन प्राणवायू देऊन मोकळं झालं की त्याचा आकार किंचित बदलतो आणि तो तेलकट मणी शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतो. एकाला एक लागत कडक दोऱ्या वळल्या जातात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडं-सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळट, सदा थकवा.

अमेरिकेत लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. बदललेला मणी नेमका कोणता, हे पुढे इंग्लंडमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधलं. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा आजार प्रथम आढळला.

घरातली एखादी मुलगी सारखी दमते, थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणून रडते. ‘कामाचा कंटाळा, दुसरं काय!’ असं आपण किती सहज म्हणतो! रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण इथे मूळ दुखणं लोहाच्या कमतरतेचं नसतं, म्हणून आधी तपासणी हवी.

आणि सूनबाईच्या माहेराला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी हे नीट ऐकावं. हा आजार होण्यासाठी सदोष मणी आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर ते मूल फक्त ‘वाहक’. त्याला सहसा काही त्रास नसतो, उलट लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या मुलखांत हा दोष टिकून राहिला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब इथे चालत नाही. तेव्हा अशा भागातल्या स्थळांची पत्रिका खुशाल जुळवा, पण त्याआधी दोघांचं रक्त तपासा. थोड्याशा रक्ताची प्राथमिक चाचणी असते, औषधात रक्त घातल्यावर पाणी गढूळ झालं की पुढची तपासणी करतात, त्यात वाहक की रुग्ण ते कळतं. २०२३ साली देशभर सुरू झालेल्या सिकलसेल मोहिमेत आदिवासी भागात ही तपासणी केली जाते.

गंमत म्हणजे तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या साखळ्यांचं असतं, ते चिकटत नाही. ते ओसरलं की हातापायांचे पंजे सुजू शकतात. काही आयांना पहिली शंका तेव्हाच येते. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध हेच बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि मूल हवं असेल तर आधी त्यांना विचारायचं.

घरी काय सांभाळाल? पाणी भरपूर पाजा. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीत हिमोग्लोबिन दाटतं आणि लवकर चिकटतं. थंडीत अंगावर लोकरीचं असू द्या. उन्हात फार दमवू नका. आणि अशा मुलाला ताप आला तर काढ्यावर रात्र काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.