हौदामागचा पाहुणा

पर्वतीच्या पायथ्याशी आमचे घर. पावसाळ्यात रात्री आम्ही बापलेक विजेरी घेऊन परसात बेडूक शोधतो. "साप निघाला म्हणजे कळेल!" ही सौभाग्यवतींची भविष्यवाणी यंदा खरी ठरली. हौदामागे, चिरंजिवांच्या अनवाणी पावलापासून हातभर अंतरावर, काळसर अंगावर पांढरे पट्टे! मण्यार? ती झोपेत डसली तर कित्येकदा कळतही नाही. शेजारी काठी घेऊन धावले.

"थांबा!" मी ओरडलो. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात. याचे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. शिवाय स्वारी सरळ भिंतीवर चढू लागलेली. कवड्या! पालींवर जगणारा, बिनविषारी. काठी भिंतीला टेकली. दुसऱ्या दिवशी मात्र सौभाग्यवतींच्या हुकमाने गमबुटांचे दोन जोड घरात आले.