पोस्टाने आलेला गुरू

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व टोकाला झरी जामणी तालुका आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. कापूस-तुरीची शेती, सागाचे जंगल, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि रानात विखुरलेले कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या, असा हा मुलूख. बाजारात वऱ्हाडी मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते आणि पोडावर कोलामी. जिल्ह्याचे ठिकाण इथून जवळपास शंभर किलोमीटरवर. इथल्या एखाद्या मुलाला गिटार शिकायची हौस आली आणि त्याने क्लास शोधायचा म्हटला, तर त्याची नजर वणी, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर अशी लांब लांबच जात राहते. आठवड्यातून दोनदा एसटीने जाऊन-येऊन शिकणे शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. मग घरीच शिकायचे. पुस्तकावरून किंवा मोबाईलवरून.

असे घरी शिकणे दुय्यम समजले जाते. गुरूशिवाय विद्या नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेले असते. मला मात्र वाटते की घरबसल्या शिकवणारा अभ्यासक्रम ही स्वतंत्र आणि मोठ्या कष्टाने उभी राहिलेली संस्था आहे. तिच्या उभारणीत मराठी माणसाचा वाटा फार मोठा आहे.

पत्राने संगीत शिकवण्याचा धंदा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. ‘यू. एस. स्कूल ऑफ म्युझिक’ ही संस्था पियानो, व्हायोलिन, गिटार अशा वाद्यांचे छापील धडे टपालाने घरोघर पाठवत असे. १९२०च्या दशकात जॉन केपल्स या तरुण लेखकाने तिच्यासाठी लिहिलेली जाहिरात आजही जाहिरातशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. एक जण पियानोपाशी बसतो, जमलेले लोक हसतात, तो वाजवू लागतो आणि सगळे गप्प होतात, एवढीच तिची गोष्ट. जिथे शिक्षक नाही तिथल्या माणसाची भूक त्या जाहिरातीने नेमकी ओळखली होती.

त्याच सुमारास मुंबईत एक वकील वेगळ्याच पद्धतीने हेच काम करत होता. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६०चा. वकिली मागे ठेवून त्यांनी देशभर प्रवास केला आणि घराण्यांच्या कुलपात राहिलेल्या बंदिशी मिळवल्या. त्या नुसत्या जपून ठेवल्या नाहीत, तर कुणालाही वाचून बसवता येतील अशा लिहून काढल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले, तेही गुरु-शिष्याच्या संवादाच्या रूपात, म्हणजे शिष्याला पडणारे प्रश्न पुस्तकातच विचारले जातात. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारे १८०० बंदिशी आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या मोजक्या खुणांवर अख्खी बंदिश कागदावर उभी राहते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःची स्वरलिपी केली, पाठ्यपुस्तके छापली. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा गावोगावच्या केंद्रांवर नेल्या. ज्याच्या गावात संगीताची शाळा नव्हती, त्याच्या हातीही आता पुस्तक होते आणि गाठता येईल असे परीक्षेचे केंद्र होते.

भातखंड्यांच्या मालिकेच्या नावातच ‘क्रमिक’ आहे, आणि घरी शिकण्याचे सारे मर्म तिथे आहे. घरी शिकणाऱ्याला माहितीची वाण कधीच नसते. आज काय करायचे, आणि त्याहून अवघड म्हणजे आज काय करायचे नाही, हे सांगणारे कुणी नसते. चांगला अभ्यासक्रम ते सांगतो.

गिटारच्या बाबतीत हा क्रम लावण्याचे मोठे श्रेय बर्ट वीडन या ब्रिटिश वादकाचे. १९५७ साली त्याचे ‘प्ले इन अ डे’ हे पुस्तक निघाले. एका दिवसात वाजवा, हे नाव भाबडे आहे खरे, पण आतला मजकूर शिस्तीचा होता. लिव्हरपूलमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि पॉल मॅकार्टनी ते चाळत बसले. एरिक क्लॅप्टनची आणि ब्रायन मेची सुरुवातही त्यातच झाली. दहा वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत हॅपी ट्रॉम आणि त्यांची पत्नी जेन यांनी ‘होमस्पन’ नावाने धडे टेपवर भरून टपालाने पाठवायला सुरुवात केली. पुस्तकातल्या बोटांच्या आकृतीला त्यामुळे आवाज मिळाला, कारण तार छेडल्यावर काय ऐकू यायला हवे हे कागद सांगू शकत नाही. २००३ साली जस्टिन सँडरको या टास्मानियाहून लंडनला गेलेल्या शिक्षकाने धडे इंटरनेटवर मोफत ठेवायला सुरुवात केली. झरीपर्यंत हे सारे पोचायला मात्र सप्टेंबर २०१६ उजाडावा लागला. जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि जे वीस वर्षांत आले नव्हते ते दोन वर्षांत आले.

आता धडे भरपूर आहेत. नेमक्या या भरपूरपणात क्रम हरवला. मुलगा संध्याकाळी एक गाणे शोधतो, त्यात अवघड कॉर्ड येते, तो दुसरे गाणे शोधतो. सहा महिन्यांनी त्याला पंधरा गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे येतात आणि पूर्ण गाणे एकही येत नाही. त्याला मी एवढेच सांगेन, एक शिक्षक धर आणि वर्षभर सोडू नकोस. शिक्षक साधारण असला तरी चालेल, दर आठवड्याला बदलू नकोस.

घरच्या शिक्षणाची सगळ्यात मोठी पडझड कुठे होते, तर ‘एफ’ कॉर्डपाशी. तिथपर्यंत ई मायनर, जी, सी, डी जमलेले असतात. बोटांच्या टोकांना तीन-चार आठवड्यांत घट्टे पडलेले असतात. मग ‘एफ’ येते. पहिल्या पडदीत (फ्रेटमध्ये) तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या असतात. आवाज निघतो तो ठक ठक. मुलगा समजतो की आपली बोटे आखूड आहेत, आपल्या हातात संगीत नाही. पुष्कळदा दोष गिटारचा असतो. तारा डोक्याकडच्या ज्या पट्टीतल्या खाचांतून जातात तिला नट म्हणतात. स्वस्त गिटारवर या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नसतात, तार पहिल्या पडदीवर फार उंच राहते आणि दाबायला दुप्पट जोर लागतो. याची तपासणी घरी होते. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडदीच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या पडदीच्या धातूच्या पट्टीवर तिच्याखाली किती फट राहते ते उजेडात बघायचे. केसाएवढी फट पुरे. नखाएवढी दिसली तर वाद्य दुरुस्तीला हवे. दुरुस्ती करणारा जवळ नसेल तर सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवायच्या, किंवा बारीक तारांचा संच घालायचा, किंवा पहिल्या पडदीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी चिमटी, लावून नटला बाजूलाच काढायचे. समोर बसलेला शिक्षक गिटार हातात घेताच हे ओळखतो. व्हिडिओतल्या शिक्षकाच्या हातात त्याची स्वतःची, नीट जुळवलेली गिटार असते. मुलाचे वाद्य त्याला दिसतच नाही.

विदर्भाचे हवामानही यात भर घालते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, हवा कोरडी ठक्क होते. लाकूड आकसते आणि पडद्यांच्या धातूची टोके बाहेर येऊन तळव्याला टोचू लागतात. पावसाळ्यात उलटे. पुढची फळी ओल धरते, किंचित फुगते, तारा वर उचलल्या जातात. टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगलेली गिटार दोन उन्हाळ्यांत वाकू शकते. खोक्यात ठेवावी आणि उन्हाळ्यात खोक्यात भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवावा. कुठल्याही थंड देशात केलेल्या अभ्यासक्रमात आपल्या उन्हाचा धडा नसतो.

असे असले तरी झरीच्या मुलाकडे एक भांडवल आहे आणि ते या अभ्यासक्रमांनी अजून हिशेबात धरलेले नाही. ते म्हणजे गावचे भजन. तुकडोजी महाराजांच्या प्रभावाने विदर्भात गावोगाव गुरुदेव सेवा मंडळे झाली, खंजिरी आणि पेटी घराघरात ओळखीची झाली. पोडावर ढेमसा नाच आहे, प्रधान समाजाकडे तारांची किंगरी आहे. म्हणजे या मुलाच्या कानात लय आधीपासूनच बसलेली असते. इंग्रजी अभ्यासक्रमात आठ ठोक्यांत बसणारा झंकार हा महिन्याभराचा धडा असतो. एकदा खाली, पुन्हा खाली-वर, मग वर-खाली-वर. भजनाला बसलेल्या मुलाला तो आठ मात्रांच्या केरव्यासारखा चटकन उमगतो, फक्त मनगट सैल सोडायला शिकावे लागते. दादऱ्याच्या सहा मात्राही तशाच.

पेटीवाल्याशी बोलायला मात्र त्याला थोडे शिकावे लागते. भजनात पेटीवाला विचारतो, कोणती पट्टी? उत्तर ‘काळी एक’ असे येते. गिटारच्या पुस्तकात काळी एक कुठेच नसते, सी शार्प असते. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी एक म्हणजे सी शार्प, एवढे समजले की अर्धे काम झाले. पुढचे काम कॅपो करतो. सी आणि जी या ओळखीच्या कॉर्ड धरायच्या आणि कॅपो पहिल्या पडदीवर लावायचा, की गिटार काळी एकमध्ये येते. गाणाऱ्याने पांढरी चार मागितली तर कॅपो पाचव्या पडदीवर. प्रत्येक पडदी अर्धा स्वर चढवते आणि बाराव्या पडदीवर तीच तार तार सप्तकाचा स्वर देते, म्हणून मोजणी पेटीच्या पट्ट्यांसारखीच चालते. पांढरी दोन हा षड्ज धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर काफी थाट मिळतो, हे पेटीवाल्याला माहीत असते. तोच काफी गिटारवर डी मायनर, जी आणि सी या तीन कॉर्डमध्ये येतो. एवढी गाठ घातली की मुलगा मंडळात पेटीशेजारी बसू शकतो. घरी एकट्याने गिरवलेले वाद्य इतरांबरोबर वाजवणे हीच खरी कसोटी आहे, कारण ठेका मोजणारे मेट्रोनोम यंत्र माणसासारखे पुढे-मागे होत नाही. चार जण एकदम गाताना लय ढळते, ती सावरायला तिथेच शिकावे लागते.

एका गोष्टीची उणीव तरीही राहते. चुकलेला स्वर ऐकून ‘पुन्हा’ म्हणणारा कुणीतरी हवा. अजय-अतुल या गोगावले बंधूंनी कुठल्याही संगीतशाळेत न जाता एवढे मोठे काम उभे केले, तरी ते दोघे होते, एकमेकांचे ऐकत होते. २०२० पासून ट्रिनिटी कॉलेज लंडन संगीताच्या परीक्षा व्हिडिओ पाठवूनही घेते. घरात वाजवलेले रेकॉर्ड करायचे आणि पाठवायचे, मग गुण आणि शेरा येतो. खर्च मात्र झरीच्या शेतकऱ्याच्या खिशाचा नाही. आपल्याकडे पर्यायाचा पाया तयार आहे. महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकहून मराठीत घरबसल्या शिक्षण देते. गांधर्व मंडळाकडे परीक्षांची शिडी आणि केंद्रांचे जाळे आहे. या दोन्हींमधले, गिटारचे एक मराठी क्रमिक पुस्तक आपल्याला हवे आहे.

ते कसे असावे, हे मला स्पष्ट दिसते. पहिल्या धड्यात तारा जुळवणे आणि नटची तपासणी. दुसऱ्यात ई मायनर, एकच कॉर्ड, आणि त्यावर केरवा पंधरा दिवस. जी आणि डी आल्यावर लगेच मुलाच्या ओठांवर असलेले एक सोपे भजन. काळी एक आणि कॅपो चौथ्याच महिन्यात. ‘एफ’ सहाव्या महिन्याआधी नाही, आणि तीही आधी चार तारांवर, पूर्ण आडवे बोट नंतर. प्रत्येक धड्याशी एक मिनिटाचा आवाज जोडलेला, आणि शेवटी सूचना अशी की आता स्वतःचे एक मिनिट रेकॉर्ड करून गावातल्या पेटीवाल्या काकांना ऐकवा आणि ते कुठे थांबवतात तिथे पेन्सिलने खूण करा.