अंध दृष्टिक्षेत्रातही गतीची जाणीव

डोळ्यांकडून आलेले संदेश मेंदूच्या मागच्या भागातील ‘प्राथमिक दृष्टि-बाह्यक’ हा थर स्वीकारतो आणि तो इजेने निकामी झाला, तर दृष्टिक्षेत्राचा तेवढा भाग अंध होतो. तथापि पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना तपासून जॉर्ज रिडॉक यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले, की त्या अंध भागात काहींना स्थिर वस्तू दिसत नसली, तरी हलती वस्तू जाणवते. गती ओळखणाऱ्या ‘व्ही-५’ या क्षेत्राला थॅलॅमसमधून, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी असलेल्या संदेश-वितरण केंद्रातून, निकामी थराला वळसा घालून थेट संदेश पोहोचतात, हे त्यामागील प्रमुख स्पष्टीकरण आहे. मात्र ही जाणीव अपुरी असते. म्हणून वर्दळीच्या चौकात अशा रुग्णाने केवळ तिच्या भरवशावर रस्ता ओलांडू नये.