पूर ओसरल्यावर घरातली शाळा

पुराचे पाणी घरातून निघून गेले तरी ते कुठवर चढले होते याची गढूळ रेघ भिंतीवर राहते. मुले घरीच शिकत असतील आणि त्यांची अभ्यासाची जागा पाण्यात गेली असेल, तर नव्या जागेचे पहिले माप या रेघेपासून घ्यावे. कायम राहणारे सारे रेघेच्या निदान हातभर वर असावे; रेघेखाली ठेवायचे ते धुता येणारे किंवा झटकन उचलता येणारे असावे. रंग, फर्निचर, नकाशे यांचा विचार त्यानंतर.

पाणी घरापर्यंत कसे येते हे ताडकळसच्या उदाहरणावरून पाहू. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातले हे महसूल मंडळाचे गाव. याच तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीला मिळते. पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी आणि सिद्धेश्वर, तिला मिळणाऱ्या दुधनेवर निम्न दुधना आणि गोदावरीवर पैठणचे जायकवाडी, अशी धरणे आहेत. सगळीकडून एकाच वेळी पाणी सुटले की गोदावरीची चढलेली पातळी पूर्णेला वाट देत नाही. पूर्णेचे पाणी मागे फुगते, ओढ्यानाल्यांत शिरते आणि शिवार बुडवते. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली; सप्टेंबर २०२५ मध्ये तर मराठवाड्यातल्या अनेक नद्या पात्र सोडून वाहिल्या आणि जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले. मात्र घरात पाणी यायला नदीच लागते असे नाही. काळी माती एकदा तुडुंब भिजली की पुढचा थेंब जिरवत नाही. मग तासाभराच्या पावसानेही रस्ता भरतो आणि गटाराचे पाणी उंबरा ओलांडते. जोते कमी उंचीचे असेल तर हा धोका दरवर्षीचाच समजावा.

घरी शिकणारी मुले म्हणजे शाळेत नाव नसलेली मुले, एवढाच त्याचा अर्थ राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यातल्या प्रत्येक घराला अभ्यासाचा कोपरा शोधावा लागला होता. पुरानंतरही वर्गखोल्यांत चिखल साचतो, कधी तिथेच गावकऱ्यांचा मुक्काम असतो आणि मुलांचा अभ्यास घरावर येतो. त्यामुळे जागेचा हा विचार दोघांनाही लागू आहे: ठरवून घरी शिकवणाऱ्या पालकांना आणि शाळा उघडण्याची वाट पाहणाऱ्यांना.

खोली तयार व्हायला महिने लागतात. मुलाला तेवढे थांबवून ठेवू नये. माळा, शेजारच्यांची ढाळज, गावातल्या देवळाचा सभामंडप, जिथे कोरडे असेल तिथे एक सतरंजी, एक पाटी आणि ठरलेली वेळ एवढ्यावर सुरुवात करावी. पाणी आले त्या रात्रीबद्दल मूल पुन्हा पुन्हा बोलते, चित्रात तेच काढते, आभाळ भरून आले की दचकते. त्याला बोलू द्यावे. रोज त्याच वेळी त्याच जागी बसण्याने घराची घडी पुन्हा बसते आहे हे मुलाला समजावून न सांगताही कळते. नव्या खोलीत आपण कुठे बसायचे, पुस्तके कोणत्या फळीवर ठेवायची, हे ठरवताना त्यालाही विचारावे. पुरात त्याचे जे गेले त्यातले काही त्याने स्वतः निवडून परत मांडले, तर ती जागा खऱ्या अर्थाने त्याची होते.

सर्वांत जास्त चुका भिंतींच्या बाबतीत होतात. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात भिंत वरून सुकलेली दिसते. दिवाळी तोंडावर असते, म्हणून लगेच रंग दिला जातो. पण नऊ इंची विटेची भिंत आतून सुकायला काही महिने लागतात. तैलरंगाने किंवा प्लास्टिक रंगाने ओल आत कोंडली जाते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोपडे सुटतात, पांढरा क्षार बाहेर येतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. बंद खोलीत तासन् तास बसणाऱ्या मुलाला ही बुरशी बाधते. दमा असलेल्याला तर फारच. भिंत सुकली का हे पाहायची सोपी युक्ती आहे. दीड फूट लांबरुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम आलेला दिसला किंवा त्याखालचा गिलावा काळपट पडला, तर अजून थांबायला हवे. फुगलेला, ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावा आणि भिंत उघडीच सुकू द्यावी. पहिले एखादे वर्ष नुसता चुना लावणे उत्तम. चुना ओलीला बाहेर पडू देतो, बुरशीला आवर घालतो आणि खोलीत उजेडही वाढवतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असतात. त्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. पायथा भिजून मऊ झालेली मातीची भिंत पाऊस थांबल्यानंतरही बसू शकते. जाणत्या गवंड्याने पाहून हो म्हटल्याशिवाय अशा भिंतीशेजारी मुलांना बसवू नये.

साफसफाईच्या वेळी मुले बाहेरच बरी. गाळात विंचू, साप निघतात, काचा असतात. फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासून मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसावी. हे पाणी आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. फरशीखालचा मुरूम किंवा मातीचा भराव भिजून खचलेला असेल तर शहाबादी फरशी डुगडुगते. ती उचलून भराव ठोकून पुन्हा बसवावी, कारण याच फरशीवर मूल पालथे पडून वाचणार आहे, चित्रे काढणार आहे. विजेचे बोर्ड पाण्यात गेले असतील तर वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच सुरू करू नये. नवे बोर्ड रेघेच्या वर, छातीच्या उंचीला घ्यावेत आणि ३० मिलीअँपियरला तुटणारा आरसीसीबी बसवावा. ओल्या भिंतींच्या घरात जीव वाचवणारी याहून स्वस्त वस्तू नाही.

सामानाची निवड करताना जुन्या घरांकडे पाहिले तर बरेच शिकता येते. भिंतीतली देवळी, खुंट्या, फडताळ, माळा या सगळ्या सोयी जमिनीपासून वर होत्या. आजचे प्लायवूडचे टेबल आणि खाली खण असलेला दिवाण पाण्यात एक रात्र राहिले की फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. नव्या खोलीत लोखंडी अँगल भिंतीत ठोकून त्यावर कडाप्प्याच्या किंवा लाकडी फळ्या टाकाव्यात. सर्वांत खालची फळी पाण्याच्या रेघेच्या वर असावी. तिच्याखाली ताटल्या, ठोकळे, चेंडू असे भिजले तरी चालणारे सामान टोपल्यांत ठेवावे. पाणी कंबरभर चढले असेल तर वरच्या फळ्यांपर्यंत लहान मुलाचा हात पोचणार नाही. अशा घरात रोजची पुस्तके कडी असलेल्या पत्र्याच्या पेटीत खाली ठेवावीत. इशारा आला की पेटी माळ्यावर जाते. बसायला टेबल-खुर्चीच हवी असे नाही. पूर्वी मुनीम ज्यावर चोपड्या लिहीत ते उतरत्या फळीचे बैठे डेस्क मुलांना उत्तम असते. त्याने पाठ वाकत नाही आणि गरज पडली तर ते काखेत मारून नेता येते. खुर्ची वापरायची असेल तर पाय जमिनीला पूर्ण टेकावेत, एवढी एक गोष्ट पाहावी.

बसण्याची जागा खिडकीजवळ, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड येईल अशी असावी. पत्र्याखालच्या खोलीत दोन अडचणी येतात: पावसात आवाजामुळे काही ऐकू येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बसवत नाही. पत्र्याखाली तट्ट्याचे किंवा अन्य हलके छत घातले तर दोन्ही कमी होतात. तेही न जमले तर वेळ बदलावी. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू झालेला अभ्यास दहापर्यंत सहज उरकतो.

भिजलेल्या पुस्तकांपैकी काय वाचवायचे हे लवकर ठरवावे, कारण दोन दिवसांत बुरशी सुरू होते. आधी हस्तलिखित वह्या, मुलांची चित्रे, कुटुंबाची छायाचित्रे, कारण ती दुसरीकडे मिळत नाहीत. पातळ पुस्तके दोरीवर मध्यावर टांगावीत, जाड पुस्तके पाने किंचित उलगडून उभी ठेवावीत आणि मधे कोरे कागद घालून ते बदलत राहावे. कडक उन्हात पाने आकसून वाकडी होतात. सावलीत पंख्याखाली वाळवावे. पाठ्यपुस्तकांसाठी एवढा जीव टाकू नये, बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात.

शैक्षणिक साहित्याचेही तसेच. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे काम केले. मॉन्टेसोरीचे महागडे साहित्य खेड्यात परवडणार नाही हे ओळखून त्यांनी खडे, बिया, शिंपले, माती, पाने यांतून मोजणे, वर्गीकरण आणि रचना शिकवली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून भूमिती उभी केली. हे साहित्य वाहून गेले तर दुसऱ्या दिवशी परत जमवता येते. पूरग्रस्त घराने विकतच्या संचांवर पैसे घालण्याआधी या वाटेचा विचार जरूर करावा.

पूरही अभ्यासाचा विषय होऊ शकतो, मुलाची तयारी असेल तेव्हाच. सरळ बाजूंचा डबा अंगणात उघड्यावर ठेवून त्यातले पाणी पट्टीने मोजले की पाऊस मिलिमीटरमध्ये कळतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी नोंदली जाते. बातमीतला आपल्या मंडळाचा, समजा ताडकळसचा, आकडा आणि आपल्या डब्यातला आकडा मुलाने शेजारी शेजारी लिहावा. घराच्या नकाशात रेघ काढावी, पाणी कोणत्या दाराने आले ते दाखवावे. पुढच्या वेळी पेटी कोणी उचलायची हेही त्याच कागदावर लिहिता येते.

खर्चाचे गणित कठीण आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले होते. कपडे आणि भांडी यांसाठी प्रत्येकी २,५००. पुस्तकांचे वेगळे शीर्षक नव्हते, हे खटकणारे आहे. तरीही गिलावा फोडण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि भिंतीवरची रेघ, भिजलेले सामान यांचे फोटो काढून ठेवावेत.

ठरवून घरी शिकणाऱ्या मुलांची कागदपत्रे हा वेगळा विषय आहे. शाळेत नोंद नसल्याने जे काही आहे ते घरातच असते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. घरशिक्षणाची निश्चित चौकट त्यात घातलेली नाही. त्यामुळे पुढे परीक्षेला बसताना जन्मदाखला, आधार आणि असतील तर आधीच्या परीक्षांची गुणपत्रके अशी कागदपत्रे लागू शकतात, मग ती परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेची असो, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची असो की १७ नंबरचा फॉर्म भरून दिलेली दहावी असो. मूळ प्रती जाड प्लास्टिकच्या झिप पिशवीत, सर्वांत वरच्या फळीवर. डिजिलॉकरमध्ये मिळतील त्या तिथे. आणि छायाप्रतींचा एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असावा.